प्रार्थनाही, काऊन्सेलिंगही!

‘मी कशासाठी जगतोय?’ हा प्रश्न घेऊन फादरांकडे जायचं की काऊन्सेलरकडे? वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या कॅथलिक घरांमधल्या तरुणाईला पडणारा हा पेच. पण यात एकच दार निवडायला हवं, असं कुणी सांगितलं?

विरार लोकलमध्ये कशीबशी चौथी सीट मिळालेली असते. कानात इअरफोन, हातात मोबाइल. आणि काहीही कारण नसताना एक प्रश्न येऊन शेजारी बसतो, ‘हे सगळं कशासाठी चाललंय?’ डिग्री, इंटर्नशिप, पॅकेज, घर, हप्ते. आणि मग पुढे काय? तुम्ही प्लेलिस्ट बदलता, चार रील्स बघता. मीरा रोड जातं, भाईंदरची खाडी जाते, प्रश्न काही उतरत नाही.

तुम्ही कॅथलिक घरातले असाल तर या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला खरं तर लहानपणीच मिळालेलं असतं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ते पाठ करून घेतलेलं असतं. अडचण अशी की, बाविसाव्या वर्षी ते उत्तर आठवतं, पण आत कुठे लागत नाही. घरी विषय काढलात तर ऐकायला मिळतं, ‘रोझरी चुकवू नकोस, सगळं ठीक होईल.’ कॉलेजच्या कट्ट्यावर काढलात तर ऐकायला मिळतं, ‘यार, देव-बिव सोड, सरळ थेरपी घे.’ दोन्ही सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात. पण पहिल्यात तुमचं आजारी असणं सुटून जातं आणि दुसऱ्यात तुमची श्रद्धा.

म्हणून आज जरा नीट बघू या. कोणत्या दुखण्यासाठी कुठलं दार ठोठवायचं आणि दोन्ही ठोठवली तर बिघडतं का? तुम्ही कॅथलिक नसाल तरी वाचा. चर्चच्या जागी तुमचं मंदिर, दर्गा किंवा विहार ठेवून बघा, पेच बराचसा तोच निघेल.

वाक्य एक, अर्थ दोन

सगळ्यात आधी एक गोष्ट. जगण्याचा अर्थ विचारणं हा आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी १९८० साली लिहिलेल्या ग्रंथात माणसाच्या मुळाशी असलेल्या चार काळज्या मांडल्या आहेत : मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता. व्हिएन्नाचे ज्यू मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५-१९९७) नाझी छळछावण्यांमधून वाचून आले. माणसाला जगण्यात अर्थ सापडणं किती गरजेचं आहे, यावर त्यांची ‘लोगोथेरपी’ ही सगळी उपचारपद्धती उभी आहे. म्हणजे ‘असले प्रश्न काऊन्सेलरला काय कळणार’ हा समज खरा नाही. मानसशास्त्रात या प्रश्नांवर काम करणारी आख्खी शाखा आहे.

पण ‘जगण्यात काही अर्थ नाही’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतं. समजा, एकजण ते म्हणतो, त्यावर मित्रांशी तासभर वाद घालतो, मग भरपूर जेवतो आणि गाढ झोपतो. दुसरा तेच वाक्य म्हणतो, पण तो तीन आठवडे नीट झोपलेला नाही. जेवण जात नाही, अभ्यासात लक्ष नाही, जीव की प्राण असलेली फुटबॉल मॅचसुद्धा त्याला बघवत नाही. पहिल्याला प्रश्न पडलाय. दुसऱ्याला प्रश्न पडलाय आणि शिवाय तो बहुधा आजारी आहे.

डॉक्टर यासाठी साधारण दोन आठवड्यांची खूण वापरतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, ताकद बिघडली, तर तपासून घ्यायला हवं. हे काही दुर्मीळ नाही. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं. त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

एलियाला आधी भाकर मिळाली

‘विश्वास कमी पडला म्हणून असं झालं’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर बायबलमधलाच एक प्रसंग त्यांच्यापुढे ठेवा. जुन्या करारातला एलिया हा मोठा संदेष्टा. राणी ईजबेल जिवावर उठते, तेव्हा तो रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला चक्क म्हणतो की, आता पुरे, माझा जीव घे.

देव काय करतो? रागावत नाही. प्रवचनही देत नाही. एलियाला झोप लागते. देवदूत त्याला हलवून उठवतो, तर उशाशी भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. ‘तू इथे काय करतोयस?’ हा मोठा प्रश्न त्याला विचारला जातो तो या सगळ्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर. आणि त्यानंतर त्याला अलीशा नावाचा सोबतीही मिळतो.

आज तुमच्या काऊन्सेलरनेही पहिल्याच भेटीत ‘झोप किती होते? जेवता का? घरी बोलायला कोण आहे?’ हेच विचारलं, तर ‘मी इतका खोल प्रश्न घेऊन आलो आणि हे काय विचारतायत’ असं वाटून घेऊ नका. क्रम जुनाच आहे.

इग्नेशियसने मूड ओळखला

मुंबईतलं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली ज्या येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलं, त्या संघाचे संस्थापक म्हणजे लोयोलाचे संत इग्नेशियस. त्यांची गोष्ट आपल्या वयाच्या मुलांनी वाचावी अशी आहे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणात. करमणूक म्हणून मनोराज्यं. त्यांच्या लक्षात आलं की, शौर्याची, दरबाराची स्वप्नं बघताना मजा येते, पण नंतर आत कोरडं वाटतं. संतांसारखं जगायची स्वप्नं बघितली, तर तो आनंद नंतरही टिकतो. आज थेरपिस्ट ‘मूड जर्नल’ लिहायला सांगतात, त्याच्याशी याचं बरंच नातं आहे.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. १५२२ साली मानरेसा गावात राहताना इग्नेशियस यांना जुन्या पापांच्या विचाराने घेरलं. कन्फेशन झालं तरी वाटायचं, काहीतरी सांगायचं राहिलं. पुन्हा कन्फेशन, पुन्हा शंका. सगळं लिहून काढलं, तरी सुटका नाही. आयुष्य संपवण्याचे विचार येत होते, हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथनात सांगून ठेवलंय. शेवटी त्या जुन्या पापांची पुन्हा कबुली द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते त्यातून बाहेर आले.

पापाच्या शंकेने असं पुन्हा पुन्हा पोखरणं हे आज ओसीडीचं एक रूप म्हणून ओळखलं जातं. त्यावर ठरलेले उपचार आहेत आणि त्यांची दिशाही तीच आहे : शंका आली तरी तपासायला धावायचं नाही. तुम्ही आठवड्यातून तीनदा त्याच गोष्टीसाठी कन्फेशनला जात असाल, प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करत असाल, तर त्याला भक्ती समजून अंगावर काढू नका. दाखवा.

इग्नेशियस यांनी पुढे ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’मध्ये दोन नियम घालून दिले, ते आजही जसेच्या तसे उपयोगी पडतात. पहिला, मन अंधारात असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नका. कॉलेज सोडणं, ब्रेकअप, नोकरीचा राजीनामा, देवावरचा विश्वास सोडणं, सगळं थांबू शकतं. दुसरा, जो विचार ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं बजावतो, तोच आधी एखाद्या जाणत्या माणसाला सांगून टाका.

कोरडी प्रार्थना की डिप्रेशन?

‘प्रार्थनेत काहीच वाटत नाही’ ही तक्रार घेऊन घाबरणारेही कमी नाहीत. त्यांच्यासाठी मदर तेरेसांचं उदाहरण आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जग चक्रावलं. देव जवळ आहे ही जाणीवच त्यांना कित्येक दशकं नव्हती. तरी चर्चने २०१६ साली त्यांना संत म्हणून घोषित केलं. देवाची जवळीक न जाणवणं म्हणजे श्रद्धा संपणं, असं चर्च मानत नाही.

मग फरक कसा ओळखायचा? सोळाव्या शतकातले संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या ‘काळ्या रात्री’बद्दल लिहिलं, पण ही कोरड आध्यात्मिक आहे की शरीर-मनाच्या दुखण्यातून, त्या काळच्या भाषेत ‘मेलँकली’तून आली आहे, हे वेगळं करून बघायला हवं, असंही त्यांनीच बजावून ठेवलं. ढोबळमानाने असं बघा : प्रार्थना कोरडी आहे, पण काम होतंय, हसू येतंय, दुसऱ्याची काळजी वाटतेय, तर आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोला. प्रार्थनेबरोबर गाणी, मित्र, जेवण, सगळंच बेचव झालंय, तर डॉक्टरकडे जा. ठरवता येत नसेल तर दोन्हीकडे जा. ठरवायला मदत करणं हेही त्यांचं कामच आहे.

आणि ‘बाहेरची बाधा’ वगैरे कुणी सुचवलंच, तर चर्चच्या अधिकृत शिकवणीत मानसिक आजार ही अगदी वेगळी बाब असून त्यावर उपचार करणं वैद्यकशास्त्राचं काम आहे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेवढं ऐकवा आणि अपॉइंटमेंट घ्या.

कन्फेशन म्हणजे काऊन्सेलिंग नव्हे

हा मुद्दा कॅथलिक घरांतल्या मुलामुलींनी नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे गफलत होते. ‘मी फादरांना सांगितलंय’ असं म्हणून अनेकदा विषय संपवला जातो. पण कन्फेशनमध्ये म्हणजे पापनिवेदनात पापांची कबुली दिली जाते आणि क्षमा मिळते. उदास असणं हे पाप नाही, मग त्याची क्षमा तरी कशाची मिळणार?

दुसरं म्हणजे गुप्तता. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कधीही, कुणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. चर्चचा कायदा त्याबाबत इतका कडक आहे की, पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात भेटल्यावर ते आपणहून ‘आता कसं वाटतंय?’ असंही त्या संदर्भात विचारू शकत नाहीत. म्हणजे कन्फेशनमध्ये ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं सांगून तुम्ही गप्प बसलात, तर ज्या माणसाला कळलंय त्याचेच हात बांधलेले असतात. म्हणून कन्फेशन हवंच असेल तर जरूर करा, पण त्यानंतर फादरांना बाहेर वेळ मागा. ‘फादर, कन्फेशन नाही, बोलायचंय’ एवढं वाक्य पुरतं. मग ते पाठपुरावा करू शकतात, तुमच्या घरी बोलू शकतात, काऊन्सेलरचा नंबर देऊ शकतात. काही फादर आणि सिस्टर्सनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षणही घेतलेलं असतं. तुमच्या धर्मग्रामात असं कुणी आहे का, विचारून ठेवा.

काऊन्सेलरची गुप्तता वेगळी असते. तुमचं बोलणं तेही बाहेर सांगत नाहीत, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर ते मदतीसाठी इतरांना कळवतात. चांगला काऊन्सेलर हे पहिल्याच भेटीत सांगतो. त्याला घाबरू नका. ती सूट तुम्हाला वाचवण्यासाठी आहे.

त्या खोलीत नक्की होतं काय?

सिनेमात दाखवतात तसा आरामखुर्चीचा प्रकार बहुतेक ठिकाणी नसतो. दोन खुर्च्या, साधारण पाऊण ते एक तास, आणि तुमचं म्हणणं मध्येच न तोडता ऐकणारं माणूस. उत्तर तयार मिळत नाही. ‘देव आहे की नाही’ हे काऊन्सेलर ठरवून देत नाही, तसंच तुमच्या आयुष्याचा अर्थही तो हातात ठेवत नाही. तो विचारतो : ‘मी निरुपयोगी आहे’ हे वाक्य पहिल्यांदा कधी ऐकलंत? कुणाच्या आवाजात? जे मत तुमचं वाटतंय ते खरंच तुमचं आहे की कुणीतरी दिलेलं? हळूहळू प्रश्नाभोवतीचा गोंगाट कमी होतो.

कोण काय करतं हेही माहीत असू द्या. काऊन्सेलर आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच लिहून देतात. खासगी सेशनची फी परवडत नसेल तर कॉलेजचा काऊन्सेलर आणि सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी हे मार्ग आहेत.

आणि हो, श्रद्धा खोलीबाहेर ठेवून जायची गरज नाही. पहिल्याच भेटीत विचारा, ‘माझ्यासाठी प्रार्थना महत्त्वाची आहे, त्याबद्दल इथे बोललं तर चालेल ना?’ समोरचा तुमच्या श्रद्धेची टिंगल करत असेल तर काऊन्सेलर बदला. तसंच, गोळ्या बंद करून फक्त उपास-नोव्हेना करायला सांगणारं कुणी भेटलं, तर त्यांचंही ऐकू नका. औषधाबद्दल डॉक्टरशीच बोला.

घरचे तयार होत नसतील तर त्यांना पोप फ्रान्सिस यांच्याबद्दल सांगा. वयाच्या ४२व्या वर्षी, अर्जेंटिनात धर्मगुरू असताना आपण सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू मनोविश्लेषक महिलेकडे जात होतो, आणि त्याचा आपल्याला फार उपयोग झाला, असं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं. २०१७ साली ते पुस्तकातून प्रसिद्ध झालं.

ज्या विषयावर कुजबूज होते

गावात कुणी आत्महत्या केली, की अजूनही दबक्या आवाजात विचारलं जातं, ‘चर्चमध्ये विधी होणार का?’ या प्रश्नाला इतिहास आहे. १९१७च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारलेला होता. १९८३च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. चर्च आत्महत्येला चूकच मानतं, पण गंभीर मानसिक त्रास, भीती किंवा यातना असतील तर त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होते, त्यांच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, असं त्यात म्हटलंय. आपल्या देशाच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणं का गरजेचं? कारण ‘नुसता असा विचार आला म्हणजेच मी नरकात जाणार’ या भीतीने कुणी तोंड मिटून बसलं, तर मदतीचा रस्ताच बंद होतो. विचार येणं हा गुन्हा नाही. तो सांगितला की बहुतेकदा त्याची धार कमी होते.

मित्र म्हणून आपण काय करायचं?

घरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ असेल तर ईयोबाचं पुस्तक काढा. सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द न बोलता. तिथपर्यंत ते उत्तम मित्र असतात. मग ते त्याला कारणं समजावू लागतात, ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रारी करणाऱ्या ईयोबावर नाही.

तेव्हा मित्राने मन मोकळं केलं, की लगेच वचन फॉरवर्ड करू नका, मोटिव्हेशनल रीलही नको. जवळ बसा. जेवलायस का विचारा. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला सोबत घ्या. ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ हे वचन अशा वेळी देऊ नका.

धर्मग्राम म्हणूनही बरंच करता येतं. बेल्जियममधल्या गील या गावाकडे बघा. मनोरुग्णांची कैवारी मानल्या जाणाऱ्या संत डिंफ्ना यांच्या चर्चमध्ये मध्ययुगात रुग्ण यायचे. चर्चमधली जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलं. ती पद्धत डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजही चालू आहे. तिथे भक्ती आणि दवाखाना यांचं भांडण झालं नाही. आपल्याकडे निदान युवा गटाच्या एका बैठकीला काऊन्सेलर बोलावणं, चर्चच्या नोटीस बोर्डावर हेल्पलाइनचा नंबर लावणं, इतकं तर पुढच्या महिन्यातच जमू शकेल. युवा गटात असाल तर हा विषय तुम्हीच काढा.

राहिला तो लोकलमधला प्रश्न. तो फादरांकडे गेल्याने सुटेल किंवा काऊन्सेलरकडे गेल्याने मिटेल, असं कुणीही छातीठोकपणे सांगू नये. काहींना तो आयुष्यभर साथ देतो. पण त्याच्याशी झुंजायला झोप झालेली हवी, पोटात अन्न हवं आणि शेजारी माणूस हवं. तेवढं आधी करा. रोझरी हातात असू दे आणि अपॉइंटमेंटही चुकवू नका.

जवळ ठेवा

- टेली-मानस : १४४१६. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, २४ तास, मराठीतही बोलता येतं. गावात सगळे ओळखीचे आहेत म्हणून काऊन्सेलरकडे जायला संकोच वाटत असेल, तर सुरुवात इथून करा.
- दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-भूक बिघडलेली : या आठवड्यात डॉक्टर किंवा काऊन्सेलर.
- मरणाचे विचार : आजच, आत्ता. एकटे राहू नका. घरच्यांना सांगा, हेल्पलाइनला फोन करा, जवळच्या रुग्णालयात जा.
- फादरांशी बोलायचं असेल तर कन्फेशनच्या बाहेर वेळ मागा.
- मन अंधारात असताना मोठे निर्णय पुढे ढकला.